चेकनाक्याच्या दोन बाजू : मुलुंडमध्ये घर घ्यावे की ठाण्यात?

मुंबई महानगरपालिकेची ईशान्येकडील हद्द जिथे संपते आणि ठाणे महानगरपालिकेची हद्द जिथे सुरू होते, तिथे सीमा म्हणून नजरेत भरेल असे काहीही नाही. लाल बहादूर शास्त्री मार्गावरची दुकानांची रांग चेकनाक्यापाशी न तुटता तशीच पुढे जाते, आणि पाट्यांवरचा पिनकोड ४०००८० ऐवजी ४००६०४ असा दिसू लागतो, एवढीच काय ती खूण. मध्य रेल्वेच्या मुलुंड आणि ठाणे या लगतच्या दोन स्थानकांमधले अंतर जेमतेम तीन किलोमीटर असले तरी गिरगाव, परळ, दादर येथून बाहेर पडणाऱ्या किंवा डोंबिवली-कल्याणहून मुंबईच्या दिशेने सरकू पाहणाऱ्या असंख्य मराठी कुटुंबांचा घराचा शोध याच तीन किलोमीटरांत येऊन अडखळतो. त्याच पैशांत मुलुंडमध्ये एक खोली कमी मिळते आणि ठाण्यात एक खोली जास्त मिळते, असा ढोबळ हिशेब सगळेच मांडतात. पण ती जास्तीची खोली सोडून मुलुंड निवडणारा माणूस त्या बदल्यात नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न क्वचितच नीट विचारला जातो. ‘मुंबईचा पत्ता’ हे त्याचे प्रचलित उत्तर अपुरे आहे. पत्त्याच्या मागे पाणी, कर, बांधकामाचे नियम आणि जमिनीची दप्तरे अशा चार वेगवेगळ्या व्यवस्था असतात, आणि त्या चारही व्यवस्था चेकनाक्यापाशी एकसारख्या बदलत नाहीत.

भूगोलाच्या दृष्टीने ही दोन्ही ठिकाणे एकाच साष्टी बेटावर आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंत गेली, तेव्हा त्या दोन टोकांच्या मधला हा सगळा प्रदेश ठाण्याच्या कलाने जगणारा होता. ठाण्याला नगरपालिका १८६३ सालीच मिळाली. मुलुंड हे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आखणी करून वसवलेले उपनगर. त्याचे काटकोनात छेदणारे रस्ते आणि ‘पाच रस्ता’सारखे चौक आजही त्या आखणीची साक्ष देतात. १ फेब्रुवारी १९५७ रोजी बृहन्मुंबईची हद्द उत्तरेकडे वाढवण्यात आली, तेव्हा मुलुंड मुंबईत आले आणि ठाणे बाहेर राहिले. ठाण्याची महानगरपालिका व्हायला १ ऑक्टोबर १९८२ उजाडला. दोन शेजाऱ्यांच्या नागरी व्यवस्थांमध्ये अशा प्रकारे पंचवीस वर्षांचे अंतर पडले, आणि आज घर घेणाऱ्याला जाणवणाऱ्या पुष्कळशा फरकांचे मूळ त्या अंतरात आहे.

रेषा कुठे आहे आणि कुठे नाही

महापालिकेची हद्द ही एकच रेषा आहे असे समजणे ही खरेदीदाराची पहिली चूक ठरू शकते. मुलुंडची नळजोडणी, मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगी मुंबई महापालिकेच्या ‘टी’ विभागाकडे असते, पोलीस मुंबईचे असतात आणि गाडीला ‘एमएच ०३’ हा क्रमांक मिळतो. ठाण्यात हे सर्व बदलून ठाणे महापालिका, ठाणे पोलीस आयुक्तालय आणि ‘एमएच ०४’ असे होते. वीज मात्र या रेषेला जुमानत नाही. मुंबई शहरात बेस्ट आणि उपनगरांच्या बहुतांश भागात खासगी कंपन्या वीज पुरवत असताना भांडुप आणि मुलुंड हे भाग महावितरणकडेच राहिले, त्यामुळे मुलुंडच्या रहिवाशाचे वीजबिल आणि ठाण्यातल्या नौपाड्याच्या रहिवाशाचे वीजबिल एकाच कंपनीचे आणि एकाच दरपत्रकाचे असते. घर मुंबईत म्हणून वीज मुंबईतल्या इतर उपनगरांसारखी, असे गृहीत धरणाऱ्याचा येथे भ्रमनिरास होतो.

याच विसंगतीचे अधिक बोचरे रूप मुलुंड पूर्वेच्या हरिओम नगरात दीर्घकाळ दिसत राहिले. ही वसाहत मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे, परंतु पूर्व द्रुतगती महामार्गावरचा टोलनाका तिच्या दक्षिणेला उभारला गेला. परिणामी मुंबईचा कर भरणाऱ्या येथील रहिवाशांना मुंबईच्याच दुसऱ्या भागात गाडीने जाण्यासाठी टोल द्यावा लागे, आणि त्याविरुद्ध त्यांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाल्यानंतर हा प्रश्न संपला. जकात तर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर गेलीच होती. ‘चेकनाका’ हे नाव आता फक्त बसच्या पाटीवर आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी उरले आहे. हद्दीवरची ही दोन ओझी गेल्यामुळे ठाण्याच्या काठावरच्या वस्त्या, विशेषतः कोपरी आणि तीन हात नाक्याचा परिसर, मुलुंडच्या किमतींच्या जवळ सरकल्या असतील तर त्यात नवल नाही.

पाणी : सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा फरक

घर पाहायला जाणारे कुटुंब हॉलची लांबी, स्वयंपाकघराची दिशा, गच्चीवरून दिसणारा येऊरचा डोंगर हे सगळे बारकाईने पाहते. पण इमारतीत महापालिकेचे पाणी दिवसातून किती वेळ आणि किती दाबाने येते, हे विचारणारे थोडे असतात. वस्तुतः मुलुंड आणि ठाणे यांच्यातला सर्वांत टिकाऊ फरक याच ठिकाणी आहे.

मुंबई महापालिकेने पाण्याची तजवीज एकोणिसाव्या शतकापासून स्वतःच्या आणि पुढे राज्य शासनाच्याही धरणांतून केली. तानसा धरण १८९२ चे, पुढे वैतरणा नदीवरची धरणे आणि भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा, अशी ही साखळी आहे. यांपैकी तानसा आणि भातसा ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत. त्या पाण्यावर भांडुपच्या शुद्धीकरण संकुलात प्रक्रिया होते, आणि भांडुप हा मुलुंडचा लगतचा शेजारी आहे. जलवाहिनीच्या उगमाजवळ असण्याचा लाभ मुलुंडला दाबाच्या रूपाने मिळतो. उंचवट्यावरच्या वस्त्या आणि वाहिन्यांच्या टोकाच्या गल्ल्या येथेही तक्रार करतात, परंतु महिनोन्महिने टँकरवर चालणारी सोसायटी मुलुंडमध्ये अपवादच मानली जाते.

ठाण्याची गोष्ट वेगळी आहे. स्वतःचे धरण नसलेल्या या महापालिकेला आपले पाणी चार ठिकाणांहून जमवावे लागते : भातसा नदीवरची स्वतःची योजना, ‘स्टेम’ या नावाने ओळखले जाणारे शहाड-टेमघर पाणीपुरवठा प्राधिकरण, औद्योगिक विकास महामंडळ आणि खुद्द मुंबई महापालिका. चारांपैकी एकाही वाहिनीवर दुरुस्ती निघाली की शहराच्या कुठल्या ना कुठल्या भागाचे पाणी बंद राहते. मुंबईकडे जाणाऱ्या अवाढव्य जलवाहिन्या ठाण्याच्या वस्त्यांमधून, किसननगरसारख्या दाट भागांना खेटून जातात, आणि ज्यांच्या अंगणातून हे पाणी वाहते त्यांनाच ते विकत घ्यावे लागते, ही खंत ठाणेकरांच्या बोलण्यात वारंवार येते. तिला आधार आहे. धरणे बांधली त्या काळी ठाण्याची नगरपालिका लहान होती आणि मुंबईची महापालिका श्रीमंत. पाण्यावरचा हक्क तेव्हाच ठरून गेला.

तरीही ‘ठाण्यात पाणी नाही’ हे सरसकट विधान अन्यायकारक आहे. नौपाडा, पाचपाखाडी, चरई, कोपरी हा जुन्या ठाण्याचा गाभा जुन्या वाहिन्यांवर आणि जलकुंभांवर असल्यामुळे येथील पुरवठा तुलनेने स्थिर आहे. उन्हाळ्यातल्या टँकरच्या रांगा प्रामुख्याने घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या गृहसंकुलांत दिसतात, जिथे इमारती आधी उभ्या राहिल्या आणि वाहिन्या मागाहून आल्या. मुलुंडशी तुलना करताना खरेदीदाराच्या मनात ठाणे म्हणजे घोडबंदर असते की नौपाडा, यावर उत्तर पूर्णपणे बदलते.

याची पडताळणी अवघड नाही. शहरी पाणीपुरवठ्याचा प्रचलित निकष माणशी दररोज १३५ लिटर असा आहे, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला ५४० लिटर. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीची क्षमता आणि पाणी येण्याची वेळ विचारली की हा हिशेब तिथल्या तिथे करता येतो. त्याहून विश्वासार्ह साधन म्हणजे सोसायटीचे वार्षिक हिशेबपत्रक, कारण त्यात टँकरवर झालेला खर्च स्वतंत्र रकान्यात लिहिलेला असतो आणि तो तीन-चार वर्षांचा एकत्र पाहिला तर कोणत्याही दलालाच्या तोंडी आश्वासनापेक्षा स्पष्ट चित्र मिळते. विक्रेता सभासद हे पत्रक सहज देऊ शकतो. ते देण्यास टाळाटाळ होत असेल, तर त्या टाळाटाळीची नोंद घ्यावी.

मुद्रांक शुल्क आणि मालमत्ता कर

घराच्या किमतीवर शासनाला द्यावयाच्या मुद्रांक शुल्कात मुलुंड स्वस्त पडते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. मुंबईत मूळ ५ टक्के आणि मेट्रोसाठीचा १ टक्का अधिभार मिळून ६ टक्के शुल्क लागते. ठाणे महापालिका क्षेत्रात यावर स्थानिक संस्थेचा आणखी १ टक्का येऊन एकूण ७ टक्के होतात. खरेदी केवळ स्त्रीच्या नावावर असेल तर दोन्हीकडे १ टक्का सवलत मिळते. दीड कोटींच्या घरावर हा फरक दीड लाख रुपयांचा होतो. नोंदणी फी दोन्हीकडे १ टक्का, परंतु कमाल ३०,००० रुपये असल्याने तिथे फरक पडत नाही. शुल्काची आकारणी व्यवहाराची किंमत किंवा रेडी रेकनर, म्हणजे शासनाने विभागवार जाहीर केलेले बाजारमूल्याचे दर, यांपैकी जे जास्त असेल त्यावर होते. बांधकाम सुरू असलेल्या घरावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर लागत नाही, हा नियमही नाक्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच आहे. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे मंजूर नकाशाप्रमाणे इमारत पूर्ण झाली असून ती राहण्यास योग्य आहे, असा महापालिकेचा दाखला.

वर्षानुवर्षे द्यावयाच्या मालमत्ता करात फरक अधिक गुंतागुंतीचा आहे. मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारित पद्धत स्वीकारली, जिच्यात रेडी रेकनरमधील किंमत, क्षेत्रफळ आणि इमारतीचे वय धरून कर ठरतो; ठाण्यात करयोग्य मूल्याची, म्हणजे त्या जागेला वर्षाला किती भाडे येऊ शकेल या अंदाजावर बेतलेली, जुनी पद्धत आहे. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. मुलुंड पूर्वेच्या जुन्या सोसायट्यांमधली पुष्कळशी एक बेडरूमची घरे या मर्यादेत बसतात. लहान घर घेणाऱ्या निवृत्त दांपत्यासाठी किंवा पहिले घर घेणाऱ्या तरुणांसाठी हा मुलुंडच्या बाजूचा भक्कम मुद्दा आहे, कारण ही बचत दरवर्षीची असते. मोठे, नवे आणि टॉवरमधले घर घेणाऱ्याच्या बाबतीत मात्र भांडवली मूल्याची पद्धत उलट दिशेने काम करते.

स्थानकाचा हिशेब

मुलुंड मुंबईला तीन किलोमीटर जवळ, म्हणून प्रवास सोपा, हा तर्क नकाशावर बरोबर आणि फलाटावर चुकीचा ठरतो. ठाण्याला सर्व जलद गाड्या थांबतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अनेक धिम्या गाड्या ठाण्याहूनच सुटतात. सकाळी साडेआठच्या सुमारास ठाणे स्थानकात ‘ठाणे लोकल’ची वाट पाहणारे प्रवासी फलाटावर ठरलेल्या जागी उभे असतात आणि रिकामी गाडी येताच बसायला जागा मिळवतात, तीच गाडी तीन-चार मिनिटांत मुलुंडला पोहोचते तेव्हा उभे राहायला जागा असते, बसायला क्वचितच. कल्याण-डोंबिवलीहून भरून आलेल्या जलद गाड्यांपैकी सगळ्या मुलुंडला थांबत नाहीत. चाळीस मिनिटांचा प्रवास रोज बसून होणार की उभ्याने, हा प्रश्न साठीकडे झुकलेल्या नोकरदाराला एका जास्तीच्या खोलीइतकाच मोलाचा वाटू शकतो.

परंतु ठाणे स्थानक गाठणे हेच एक स्वतंत्र काम आहे. ट्रान्स-हार्बर मार्ग नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाल्यापासून ऐरोली, घणसोली, वाशीकडे जाणाऱ्या नोकरदारांची गर्दीही या स्थानकात मिसळली. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस फलाट क्रमांक पाचची रुंदी वाढवण्यासाठी ६३ तासांचा मेगाब्लॉक घ्यावा लागला, यावरून तेथील दाटीची कल्पना येते. नौपाड्यातून दहा मिनिटे चालत स्थानकात जाणारा माणूस सुखी आहे. पाचपाखाडीच्या पलीकडच्या टोकाहून शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहणारा तितका नाही. मुलुंड स्थानक लहान, दोन्ही बाजूंना बाजार लागलेला, पण त्यातून बाहेर पडायला वेळ लागत नाही. नोकरी ऐरोली किंवा रबाळेच्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत असेल, तर ठाण्याहून रेल्वे आणि मुलुंड पूर्वेहून ऐरोली पुलाचा रस्ता असे दोन समान पर्याय उभे राहतात आणि वादच उरत नाही.

भविष्यातल्या प्रकल्पांविषयी जपून बोलणे आवश्यक आहे. वडाळा ते कासारवडवली ही मेट्रो ४ लाल बहादूर शास्त्री मार्गावरून मुलुंड ओलांडून तीन हात नाक्याकडे जाते, म्हणजे तिचा लाभ दोघांनाही सारखाच. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालच्या जुळ्या बोगद्यांतून मुलुंडला पश्चिम उपनगरांशी जोडणार आहे, आणि ठाणे-बोरिवली बोगदा तेच काम ठाण्यासाठी करणार आहे. ठाणे आणि मुलुंड यांच्या मध्ये मनोरुग्णालयाच्या जमिनीवर नवे स्थानकही मंजूर आहे. जाहिरातींत या सगळ्यांची किंमत आजच वसूल केली जाते. जो प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख एकदा तरी पुढे गेली आहे, त्यासाठी आज जादा पैसे मोजणे म्हणजे ती जोखीम विकासकाच्या खांद्यावरून स्वतःच्या खांद्यावर घेणे होय.

गल्लीची रुंदी

जुन्या मुलुंड आणि जुन्या ठाण्यात आज विकल्या जाणाऱ्या नव्या घरांपैकी बरीचशी पुनर्विकासातून येतात : साठ-सत्तरच्या दशकातली तीन-चार मजली इमारत पाडली जाते, मूळ सभासदांना मोठी घरे मिळतात आणि विकासक उरलेली घरे बाजारात विकतो. अशा घराचे भवितव्य इमारतीपुढच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते, हे बहुतेक खरेदीदारांच्या लक्षातच येत नाही.

कारण चटईक्षेत्र निर्देशांकात आहे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे सांगणारी ही संख्या. मुंबईत २०१८ पासून लागू झालेली विकास नियंत्रण नियमावली आणि ठाण्यात २०२० च्या अखेरीपासून लागू असलेली राज्याची एकत्रित नियमावली, या दोन्ही वेगळ्या आहेत. परंतु दोन्हींत ९ मीटर ही निर्णायक मर्यादा आहे. मुंबईच्या उपनगरांत मूळ निर्देशांक १, आणि ठाण्यात गावठाणासारखा दाट भाग वगळता १.१. रस्ता ९ मीटरांहून अरुंद असेल तर साधारणपणे दोन्हीकडे गाडी तिथेच थांबते. रस्ता ९ ते १२ मीटर असेल, तर शासनाला अधिमूल्य भरून मिळणारे क्षेत्र आणि हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे आरक्षणात गेलेल्या दुसऱ्या जमिनीच्या बदल्यात मिळालेले आणि विकत घेता येणारे बांधकाम हक्क, हे धरून दोन्हीकडे निर्देशांक २ पर्यंत जातो, आणि रस्ता रुंद होईल तसा वाढत राहतो. जुन्या सोसायट्यांना मिळणारी जादा सवलत यावर वेगळी.

या नियमाचा परिणाम दोन्ही ठिकाणी फिरताना डोळ्यांनी दिसतो. मुलुंडमध्ये आखणी करून काढलेले रस्ते पुरेसे रुंद असल्याने झवेर रस्ता, सरोजिनी नायडू रस्ता यांच्या परिसरात जुन्या इमारती एकामागून एक पडून टॉवर उभे राहत आहेत. नौपाड्यात, जिथे बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट आली पण गल्ल्या बंगल्यांच्या काळातल्याच राहिल्या, तिथे एका गल्लीत पुनर्विकास झपाट्याने होतो आणि लगतच्या गल्लीत चाळीस-पन्नास वर्षांच्या इमारती विकासकाची वाट पाहत गळत राहतात. अशा इमारतीतले घर स्वस्त मिळते. ते घेणाऱ्याने रस्त्याची रुंदी स्वतः मोजावी, आणि विकास आराखड्यात त्या रस्त्याचे रुंदीकरण दाखवले आहे का तेही पाहावे, कारण कागदावरची रुंदी भविष्यात इमारतीच्याच आवारातून कापून घेतली जाऊ शकते. पुनर्विकासासाठी शासनाच्या २०१९ च्या निर्देशांनुसार ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. तिथे आज घर घेणारा माणूस उद्याच्या त्या संमतीतला एक वाटेकरी होतो, म्हणून सोसायटीत गटबाजी किती आहे याची चौकशी ही नळाच्या दाबाइतकीच व्यावहारिक बाब आहे.

येथे एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. कोपरी, किसननगर, हाजुरी हे ठाण्याचे भाग समूह विकास योजनेत येतात. या योजनेत अनेक जुन्या आणि अनधिकृत इमारती एकत्र पाडून संपूर्ण वस्ती नव्याने वसवायची आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या वसाहतींतून वाढलेली कोपरी आणि तशीच वाढलेली मुलुंड कॉलनी यांचा उगम एकसारखा आहे, परंतु योजनेच्या कक्षेतल्या अनधिकृत इमारतीत घर घेणे आणि अधिकृत इमारतीत घर घेणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कमी किमतीच्या मोहाने, बँकेचे कर्ज न मिळणाऱ्या इमारतीत साठवलेली पुंजी रोखीने ओतणाऱ्या कुटुंबांची फरफट ठाण्याच्या या पट्ट्यात पाहायला मिळते. कर्ज नाकारणारी बँक बहुधा कागद वाचूनच नाकारते, आणि तो नकार हा खरेदीदाराला फुकट मिळालेला सल्ला मानावा.

पाऊस आणि कचरा

जुलैमध्ये घर पाहावे, असा सल्ला जुने रहिवासी देतात तो शब्दशः घ्यावा. नौपाड्यातला चिखलवाडीचा सखल भाग आणि वंदना टॉकीजचा परिसर मुसळधार पावसात हमखास तुंबतो, आणि तळमजल्यावरच्या वाहनतळाचे काय होते ते तेव्हाच कळते. कचऱ्याच्या बाबतीत दोन्ही शेजाऱ्यांनी आपापला बोजा हद्दीच्या काठावर नेऊन ठेवला. मुंबईची मुलुंड क्षेपणभूमी हे सुमारे २४ हेक्टरांचे मैदान हरिओम नगराजवळ, म्हणजे कोपरीच्या दाराशी होते. ते ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाले आणि साठलेल्या कचऱ्याची विल्हेवाट लावण्याचे काम सुरू झाले. ठाण्याचे कचरा हस्तांतरण केंद्र वागळे इस्टेटमध्ये सीपी तलावाशी आहे. क्षेपणभूमी बंद झाल्याने मुलुंड पूर्व आणि कोपरी या दोहोंचा कायापालट झाला खरा, पण मुलुंड पूर्वेला प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतीचा आणि धारावीच्या पुनर्वसनासाठी मिठागराच्या जमिनीचा प्रस्ताव आल्याने तेथील रहिवासी पाणी, रस्ते आणि स्थानकावर येणाऱ्या ताणाची चिंता उघडपणे मांडत आहेत.

शेजार

मराठी कुटुंबाच्या निवडीत न बोलली जाणारी पण निर्णायक अशी एक बाब असते : शेजार. नौपाडा हा आजही मराठी मध्यमवर्गाचा बालेकिल्ला आहे. गोखले रस्ता आणि राम मारुती रस्त्यावरची खरेदी, मासुंदा तलावाची संध्याकाळ, गुढीपाडव्याला कौपिनेश्वर मंदिरापासून निघणारी स्वागतयात्रा, १८९३ पासून चालत आलेले मराठी ग्रंथसंग्रहालय आणि १९७८ चे गडकरी रंगायतन, हे सगळे चालत जाण्याच्या अंतरावर असणे ही ज्येष्ठांसाठी फार मोठी सोय आहे. मुलुंड अधिक मिश्र आहे. पश्चिमेला गुजराती आणि कच्छी समाजाचे प्राबल्य, त्यात दाक्षिणात्य आणि पंजाबी कुटुंबे, आणि पूर्वेला नवघर रस्ता, गव्हाणपाडा, मिठागर रस्ता या परिसरात मराठी वस्ती. कालिदास नाट्यमंदिर, त्याला लागून असलेला तरणतलाव आणि क्रीडासंकुल, पूर्वेला वझे-केळकर महाविद्यालय यांमुळे मुलुंडमध्ये वाढणाऱ्या मुलांना मोकळी जागा आणि शिक्षण दोन्ही घराजवळ मिळते. तरणतलाव, मैदाने आणि बागा यांवर खर्च करण्याची मुंबई महापालिकेची आर्थिक कुवत ठाण्याच्या कैक पटींनी मोठी आहे, आणि वाढत्या वयाची मुले असलेल्या कुटुंबाने मुलुंडकडे झुकावे असे म्हणण्याला हे सबळ कारण आहे. वृद्ध आईवडील सोबत असतील, त्यांचा दिवस वाचनालय, नाटक आणि ओळखीच्या दुकानांत जात असेल, तर जास्त किंमत देऊनही नौपाडाच घ्यावा. घोडबंदरचे प्रशस्त घर या दोन्ही निकषांवर मागे पडते.

सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना

शेवटचा फरक कागदाचा आहे आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच गंभीर आहे, कारण संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर मुलुंड पश्चिम आणि ठाणे या दोहोंना टेकलेला आहे. १९५० च्या दशकात भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३) खाली येथील अनेक खासगी जमिनींना नोटिसा निघाल्या होत्या. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्यात नोटीस निघालेल्या जमिनीही वन मानल्या गेल्या, आणि त्याआधारे २००६ च्या सुमारास या जमिनींच्या सातबारा उताऱ्यांवर राज्य शासनाच्या नावाच्या नोंदी चढवण्यात आल्या. तोवर त्या जमिनींवर परवानगी घेऊन बांधलेल्या इमारतींत हजारो कुटुंबे राहत होती. एका नोंदीने त्यांची घरे विकण्याजोगी उरली नाहीत, बँकांनी कर्जे थांबवली, पुनर्विकास अडले. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, केवळ नोटीस निघाल्याने जमीन वन ठरत नाही असा निर्णय देऊन रहिवाशांना दिलासा दिला. न्यायालयाचा निर्णय आणि तलाठ्याच्या दप्तरातली दुरुस्ती या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून डोंगराच्या बाजूच्या कोणत्याही सोसायटीत घर घेताना सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना किंवा मालमत्ता पत्रकावरील शेरे आज काय सांगतात ते वकिलाकडून तपासून घ्यावे, आणि त्याच पत्रकावर जमिनीचा धारक म्हणून सोसायटीचे नाव आहे की अजून मूळ मालकाचे, तेही पाहावे. दुसरी शक्यता निघाली तर अभिहस्तांतरण, म्हणजे इमारतीखालच्या जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे होणे, राहून गेले आहे असे समजावे. जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण मिळवण्याचा मार्ग सोसायटीला खुला असतो. तो अर्ज झाला आहे का, झाला असल्यास कधी, आणि विकासकाने त्याला हरकत घेतली आहे का, याची उत्तरे इसारा देण्यापूर्वी सोसायटीच्या सचिवाकडून लेखी घ्यावीत.